अंगाला कोणते तेल?

आमच्या परभणी जिल्ह्यात घरात बाळ जन्मले की येणारे-जाणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, मुलगा की मुलगी? आणि दुसरा, तेल कोणते लावता? पहिल्या प्रश्नावर आजवर पुष्कळ निबंध लिहिले गेले, वक्तृत्व स्पर्धा गाजल्या, आमच्याच महाविद्यालयात पथनाट्येही झाली. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र कोणा विचारवंताचे लक्ष गेलेले दिसत नाही. तो बायकांचा विषय, माजघरातला विषय, असे समजून आपण तो सोडून दिला आहे. मला हे मान्य नाही. जी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या अंगाला जन्मल्यापासून लागली, तिच्याविषयी चार पाने खर्च करायला वार्षिकांकाची हरकत नसावी.

तेल आपल्यात किती मुरले आहे हे भाषेलाच विचारावे. आपण तेल चोळतो, रगडतो, जिरवतो. दिवाळीच्या पहाटे तेच 'अभ्यंग' होते आणि न्हाव्याच्या दुकानात 'मालिश' होते. हा शेवटचा शब्द फारसीतून आलेला, आणि निजामाच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या आपल्या मुलखाला तो कधी परका वाटलाच नाही. कोणाच्याच हाती न सापडणारा पुढारी म्हणजे 'अंगाला तेल लावलेला पैलवान'. ज्याची पर्वा करायची नाही त्याला आपण सरळ 'तेल लावत' पाठवतो. (संपादक मंडळाने हे वाक्य ठेवले तर आभार.) संस्कृतात तर तेलातुपाला आणि मायेला एकच शब्द आहे, स्नेह. आणि खुद्द 'तेल' हा शब्द तिळावरून आलेला. म्हणजे एके काळी तेल म्हणजे तिळाचेच. बाकीची सगळी मागाहून त्या नावाखाली आली.

गेल्या वर्षी वहिनीला मुलगी झाली तेव्हा आमच्या घरात या प्रश्नावरून तीन पक्ष पडले. आजीचा पक्ष करडीच्या तेलाचा. आईचा खोबरेलाचा. वहिनी शहरात वाढलेली, तिच्या माहेराहून बाळाचे चित्र असलेल्या पांढऱ्याशुभ्र तेलाच्या दोन बाटल्या आल्या होत्या. दादाने पुरुषांच्या रीतीप्रमाणे "तुम्ही ठरवा" म्हणून अंग काढून घेतले. आजी म्हणाली, "करडीच्या तेलावर चार लेकरं वाढविली मी. एकाचं बी हाड वाकडं हाय का, बघ." वहिनी हळूच म्हणाली, "आज्जी, डॉक्टरांना विचारून घेऊ का?" त्यावर आजी म्हणाली, "विचार की. त्यांच्या मायनं त्यांना कोणतं लावलं होतं, ते बी विचार."

डॉक्टरांना विचारले. "काहीही लावा, फार रगडू नका," एवढे उत्तर मिळाले आणि पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला. 'काहीही लावा' या उत्तराने माझे समाधान झाले नाही. पुढचे पाच-सहा महिने, जमेल तसे, मी या 'काहीही'चा शोध घेत राहिले. पुस्तके चाळली, घाण्यावर जाऊन बसले, तेल लावणाऱ्या बाईशी बोलले. त्यातून माझे जे मत बनले ते असे: तेलाच्या नावापेक्षा ते तेल कधी काढले, कोणत्या ऋतूत लावायचे आणि कोणाच्या अंगाला लावायचे, हे पाहून निवड करावी; आणि असे पाहू लागले की आपल्या रानातली दोन तेले, तीळ आणि करडई, बाजारातल्या कोणत्याही बाटलीला हार जाणार नाहीत.

पण करडईची बाजू मांडायला निघालेल्या माणसाला पहिलीच ठेच लागते ती चरकाची. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात हितकर आणि अहितकर पदार्थांच्या याद्या दिल्या आहेत. वनस्पतींपासून मिळणाऱ्या स्नेहांमध्ये सर्वांत हितकर कोणता? तिळाचे तेल. आणि सर्वांत अहितकर? कुसुंभाचे. कुसुंभ म्हणजे आपली करडई! मी हे आजीला सांगितले नाही. सांगून उपयोगही नव्हता. चरकाने किती लेकरे वाढविली, असे तिने विचारले असते.

हा निर्णय मात्र सहज उडवून लावण्यासारखा नाही. त्या याद्या मुख्यतः आहाराच्या आहेत, अंगाला चोळण्याच्या नव्हेत, हे खरे. तरीही इतक्या तेलांतून नेमके करडईच का खाली काढले असावे? रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी मला जे समजावून सांगितले त्यावरून मी एक अंदाज बांधला आहे. करडईच्या तेलात लिनोलीक आम्ल फार मोठ्या प्रमाणात, साधारण ७० ते ८० टक्के असते. हे आम्ल हवेतल्या प्राणवायूशी चटकन संयोग पावते. तेल पातळ थरात पसरून ठेवले तर ते हळूहळू चिकट होते आणि शेवटी वाळते. म्हणूनच करडईचे तेल रंग आणि व्हार्निश बनवायलाही वापरले जाई. तिळाच्या तेलात हे आम्ल निम्म्याहून कमी, शिवाय त्यात सेसॅमोलसारखी द्रव्ये असतात. ती तेलाला खवट होण्यापासून राखतात. बंद डबे नव्हते, तेल मडक्यात किंवा कातडी बुधल्यात राहायचे, अशा काळात वर्षभर ठेवलेले तिळाचे तेल आणि वर्षभर ठेवलेले करडईचे तेल यांत वैद्याने कोणते पसंत केले असेल? हा माझा तर्क आहे, आयुर्वेदाच्या अभ्यासकांनी तो खोडावा. पण एवढे मात्र निश्चित की करडईचे तेल ताजे असताना एक असते आणि शिळे झाल्यावर दुसरेच.

आता गंमत अशी की ज्या लिनोलीक आम्लामुळे करडई लवकर बिघडते, त्याच आम्लाची आपल्या कातडीला गरज असते. ते शरीराला स्वतः तयार करता येत नाही. बाहेरूनच मिळावे लागते. कातडीच्या सर्वांत वरच्या थरात ओलावा धरून ठेवणारी जी भिंत असते ती बांधायला ते लागते. तान्ह्या बाळाची, विशेषतः दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची, ही भिंत कच्ची असते. २००५ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी १२० नवजात बाळांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळांचे तीन गट केले. एका गटाला करडईचे तेल, एकाला खोबरेल, तिसऱ्याला तेलच नाही. दिवसातून चार वेळा, दर वेळी ५ मिलिलिटर, असे पाच दिवस तेल चोळले आणि आधीचे व नंतरचे रक्त तपासले. करडईच्या गटातील बाळांच्या रक्तात आवश्यक मेदाम्ले वाढलेली दिसली. खोबरेलाच्या गटात संपृक्त मेदाम्ले वाढली. म्हणजे "तेल अंगात जिरतं" असे आमच्या आज्या म्हणत आल्या त्याला रक्ताच्या तपासणीने दुजोरा मिळाला, आणि तोही नेमका करडईच्या तेलावर. हे वाचून मला किती आनंद झाला हे सांगत नाही. अभ्यासासाठी त्या डॉक्टरांनी निवडलेल्या दोन तेलांपैकी एक आमच्या गव्हाणीमागच्या रानातले होते!

तरी विद्यार्थ्याने आनंदाच्या भरात वाहवत जाऊ नये. पाच दिवसांत रक्तात मेदाम्ले वाढली म्हणजे बाळ धष्टपुष्ट झाले असे नव्हे. त्याच २००५ साली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेलाची तुलना खनिज तेलाशी केली होती, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खोबरेलाने अधिक वेगाने वाढले. त्याआधी २००० साली दिल्लीच्या संशोधकांनी १२५ निरोगी बाळांना चार आठवडे वेगवेगळी तेले लावून पाहिली. मालिशने सर्वच बाळांना झोप चांगली लागली, पण लक्षणीय फायदा दिसला तो फक्त तिळाच्या तेलाचा. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात फार लवकर जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल लावले तेव्हा रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला, असे २००५ मध्येच प्रसिद्ध झाले. या साऱ्याला छेद देणारी गोष्टही आहे. २०१६ साली इंग्लंडात मँचेस्टरला ११५ नवजात बाळांना ऑलिव्ह आणि सूर्यफूल ही तेले लावून पाहिली, तेव्हा कातडीचा ओलावा वाढला खरा, पण कातडीतील स्निग्ध थरांची घडण तेल न लावलेल्या बाळांपेक्षा मागे राहिली. तेव्हा पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांनी "थोडं थांबा" म्हटले, तर त्यात आजीचा अपमान मानण्याचे कारण नाही.

बाकीच्या तेलांविषयी थोडक्यात सांगते. खोबरेल चांगले आहे, बिघडत लवकर नाही, उन्हाळ्यात अंगाला सुखावते. पण ते आपल्याकडचे नाही, बाहेरून येते. आणि साधारण २४-२५ अंशांखाली गोठते. परभणीचा पौष ज्यांनी काढला आहे त्यांना हे सांगायला नको. सकाळी बाटली उन्हात ठेवायची, मग तळहातावर वितळवायची, तोवर बाळ उघडे पडून कुडकुडते. एरंडेल घट्ट आणि चिकट. गुडघ्याला, कमरेला गरम करून लावायला ठीक, बाळाच्या सर्वांगाला कशाला? जवसाचे तेल करडईपेक्षाही लवकर वाळते आणि कपड्यांना वास सोडते. शेंगदाण्याचे स्वयंपाकघरात हाताशी असते म्हणून लावले जाते. पण लहानपणी अंगाला शेंगदाणा तेल असलेली मलमे लावण्याचा आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचा संबंध एका ब्रिटिश अभ्यासात २००३ साली आढळला आहे. घरात कोणाला अशी ॲलर्जी असेल तर ते टाळलेलेच बरे. मोहरीचे तेल आपली रीत नव्हे. उत्तरेत ते पिढ्यान्‌पिढ्या लावतात, आणि हल्ली मोबाईलवर पाहून आपल्याकडेही लावू लागले आहेत. त्याच्याविषयी एकच आठवण करून देते. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. हे विष फक्त पोटातून जाते असे नाही. असे भेसळीचे तेल अंगाला चोळल्यानेही बाधा झाल्याची वैद्यकात नोंद आहे. पिवळा धोत्रा आपल्या बांधावरही भरपूर उगवतो. सुटे तेल घेताना ओळखीचा घाणा का हवा, त्याचे याहून मोठे कारण मला सुचत नाही.

राहिली ती बाळाचे चित्र असलेली बाटली. तिच्यावर बारीक अक्षरांत काय छापले आहे ते वाचण्याची सवय आपल्याला नाही. 'लाइट लिक्विड पॅराफिन' किंवा 'मिनरल ऑइल' असे पहिल्या क्रमांकावर लिहिलेले असेल तर ते कोणत्याही बियांचे तेल नव्हे. ते खनिज तेलापासून, पेट्रोल-रॉकेलच्याच भावकीतून काढलेले आणि शुद्ध केलेले द्रव्य आहे. यात विष आहे अशी आवई उठवणाऱ्यांतली मी नाही. ते कातडीवर बसून राहते, ओलावा उडू देत नाही, खवट होत नाही, वास येत नाही. एवढे त्याचे गुण. पण कातडीला द्यायला त्याच्याजवळ काही नाही. दिवाळीत 'सुगंधी उटणे तेल' म्हणून जे मिळते त्यातल्या अनेक बाटल्यांचीही हीच कथा असते. माझी तक्रार बाटलीवर नाही. ती आपल्याला विचार करण्याची मुभा देत नाही, यावर आहे. तान्ह्या मुलीचे कपडे घेताना जी माउली कापड दहा वेळा चुरगाळून बघते, तीच बाटलीवरचे गुबगुबीत बाळ पाहून निश्चिंत होते.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते, म्हणजे ताजेपणाकडे. तिळाची पेरणी आपल्याकडे मृगात-आर्द्रात होते आणि पीक नव्वद दिवसांच्या आसपास येते. म्हणजे नवे तीळ घरात येतात ते नवरात्राच्या आगेमागे, आणि त्यांचे ताजे तेल मिळते ते बरोबर दिवाळीच्या अभ्यंगाला. आयुर्वेद तिळाला उष्ण मानतो. थंडीच्या चार महिन्यांत हेच तेल अंगाला हवे. करडईचे गणित याच्या उलट. ती पावसाळा सरताना, भाद्रपद-आश्विनात काळ्या रानातल्या ओलीवर पेरायची. तिची मुळे खोल जातात, वरून पाऊस नसला तरी ती तग धरते. कोवळी असताना तिच्या पाल्याची भाजी होते. माघ-फाल्गुनात ती काढणीला येते, तेव्हा नवे तेल निघते ते उन्हाळ्याच्या तोंडावर. करडई अंगाला हलकी वाटते, जड चिकटपणा राहत नाही. अर्थात ताजी असेल तरच. म्हणजे थंडीत तीळ, उन्हाळ्यात करडई, हे कोणी शास्त्रकाराने ठरवलेले नाही. आपल्या रानातल्या हंगामांनी ते ठरवले आहे. हिवाळ्यात जन्मलेल्या बाळाला तिळाचे आणि शिमग्यानंतर जन्मलेल्या बाळाला करडईचे, अशी साधी वाटणी मी सुचवते. कोणतेही असो, तीन महिन्यांना पुरेल एवढेच काढून आणावे, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तोंड बंद करून अंधारात ठेवावे, आणि लावण्याआधी एकदा हुंगावे. खवट वास आला तर दिव्याला वापरावे. खवट माणसाला जसे आपण लेकरापासून दूर ठेवतो तसेच हे.

पण हे ताजे तेल आणायचे कोठून? इथे माझ्या लेखातला खरा कडवट भाग सुरू होतो. १८ मे १९७२ रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. करडईवर संशोधन करणारे देशातले एक महत्त्वाचे केंद्र तेथे आहे. 'परभणी कुसुम' नावाचे करडईचे वाण तेथेच निघाले. काट्यांमुळे मजूर करडई काढायला तयार होत नाहीत म्हणून बिनकाट्याचे वाणही तेथल्या शास्त्रज्ञांनी तयार केले. आपल्या गावाचे नाव मिरवणारे तेलबी, आणि त्याच गावातल्या किराणा दुकानांत मात्र पामतेल, सोयाबीन आणि सूर्यफुलाच्या पिशव्यांची थप्पी! आपला देश खाण्याच्या तेलातले निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या तासाला आपण ऐकतो आणि परीक्षेपुरती लक्षात ठेवतो. घरी आल्यावर तीच गोष्ट कढईत आणि बाळाच्या अंगावर असते, हे आपल्या ध्यानी येत नाही.

माझ्या आजोबांच्या काळी ज्वारीच्या रानात करडईची पाटे असायची, आणि वाटेकडेच्या बाजूने करडईचीच ओळ, काट्यांमुळे गुरे आत शिरू नयेत म्हणून. काढणीला बायका हातापायांना चिंध्या गुंडाळून जात. मग सोयाबीन आले. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, दोन्ही यंत्राने निघतात आणि बाजारात रोख पैसा देतात. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? शंभर किलो करडईत तेल असते २८ ते ३० किलो, आणि लाकडी घाण्यातून तेही सगळे निघत नाही. बाकीची पेंड गुरांना. म्हणून घाण्याचे तेल पिशवीतल्या तेलापेक्षा बरेच महाग पडते. आता शहरांत मोटारीवर फिरणारे लाकडी घाणे पुन्हा दिसू लागले आहेत. पण तेथे गिऱ्हाईक येते ते मोटारगाडीतून. ज्याच्या रानात करडई पिकायची, त्याच्या घरची बाळंतीण मात्र पिशवीतले तेल वाटीत ओतून घेते. 'पिकते तिथे विकत नाही' अशी म्हण आहे. इथे पिकत होते तिथे आता पिकतही नाही.

घाण्याचे म्हणून सगळे चांगले असे मात्र मी म्हणणार नाही. ताज्या तेलात गाळ असतो. ते दोन-तीन दिवस स्थिर ठेवून वरचे निवळ तेल पातळ फडक्यातून गाळून घ्यावे लागते. तिळाचे म्हणून दुसरेच काही मिसळून देणारे महाभाग घाण्यावरही असतात. शक्य असेल त्याने आपले बी न्यावे, समोर बसून काढून घ्यावे आणि पेंडही घरी आणावी. म्हशीला पेंड आवडली की बी चांगले होते, असे आमच्याकडे म्हणतात. याला शास्त्राधार काय ते मला ठाऊक नाही, म्हशीला ठाऊक असावा.

एका गोष्टीत मात्र मी आजीच्या पक्षात नाही, आणि हे तिला तोंडावर सांगितलेही. बाळाच्या नाकात आणि कानात तेल सोडण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. तान्ह्या बाळाच्या नाकात सोडलेले तेल श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. मग तेल करडईचे असो, तिळाचे असो की सोन्याच्या घाण्यातले असो. कानात साचलेल्या तेलात बुरशी वाढते. बेंबीची नाळ गळून ती जागा सुकेपर्यंत तेथेही तेल नको. तान्ह्या मुलामुलींच्या छातीच्या गाठी तेल लावून पिळण्याची जी रीत आहे तिच्याने गळू होऊन लेकरे दवाखान्यात गेलेली आहेत. बाळाला ताप असेल, अंगावर पुरळ असेल तर तेल लावूच नये. ताप आणि अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्य, हे आयुर्वेदानेही सांगितले आहे. आजी यावर म्हणाली, "मग तुमचं नाक कसं नीट राहिलं?" याला उत्तर नव्हते. पण वहिनीच्या मुलीच्या नाकात तेल गेले नाही, हे येथे नमूद करते.

तेल लावायला आमच्याकडे शेजारच्या आळीतल्या एक मावशी येत. सकाळी उन्हे अंगणात आली की त्या येणार, दोन्ही पाय लांब पसरून पाटावर बसणार आणि बाळाला पायांवर आडवे घेणार. मी त्यांना विचारले, "मावशी, तुम्हाला कोणतं तेल बरं वाटतं?" त्या हसल्या. "तीस वर्षं झाली, बाई, तेल लावाया लागले. हे कुणी इचारलंच न्हाई. घरवाले देतील ते." मग जरा थांबून म्हणाल्या, "करडीचं हाताला हलकं. बाटलीतलं निस्तं घसरतं, हात लागतच न्हाई लेकराला." पुण्याच्या आणि मुंबईच्या अभ्यासांतले आकडे मी वर दिले आहेत, तीस वर्षांत कित्येक बाळांच्या अंगावरून फिरलेल्या या हातांचे मत कोणत्या रकान्यात लिहायचे? त्यांचा मोबदला सव्वा महिन्याची ज्वारी, थोडे पैसे आणि बाराव्या दिवशी साडीचोळी. त्यांच्या स्वतःच्या कंबरदुखीला कोण तेल लावते, हे मी विचारले नाही. विचारायचे धाडस झाले नाही.

आणि हाही प्रश्न तेलाच्या निवडीचाच भाग आहे असे मला वाटते. तेल कोणते, याची चर्चा आपण बाळापाशी सुरू करतो आणि बाळापाशीच संपवतो. बाळंतिणीला सव्वा महिना तेल, शेक, मान. त्यानंतर त्या बाईच्या अंगाला तेल लागते ते वर्षातून एकदा, दिवाळीच्या पहाटे, तेही सगळ्यांचे झाल्यावर वाटीत उरले तर. पुरुषांना नरकचतुर्दशीला पाटावर बसवून, ओवाळून तेल लावतात. गंगाखेड-सोनपेठकडून दिवाळीनंतर जी बिऱ्हाडे ऊसतोडीला जातात, त्यांच्या टाचांच्या भेगा पाहिल्या आहेत का कोणी? त्या भेगांना रोज रात्री चमचाभर तिळाचे तेल चोळले तर त्याचा उपयोग आपल्या साऱ्या अभ्यंगांपेक्षा जास्त होईल. वाग्भटाने रोजच्या अभ्यंगात डोके, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला आहे. पायांचे महत्त्व त्याला कळले होते. आपण मात्र पायाने चालणाऱ्यांना विसरलो.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी एका खेड्यात भरते. रस्ता दुरुस्ती होते, वृक्षारोपण होते, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम होतो. यंदाच्या शिबिरात एक काम जास्तीचे घ्यावे, अशी विनंती मी कार्यक्रम अधिकारी सरांना केली आहे. प्रत्येक घरी जाऊन पाच प्रश्न विचारायचे: बाळाला तेल कोणते लावता, ते कोठून आणता, नाकाकानात घालता का, लावणारे कोण, आणि तुमच्या रानात शेवटची करडई कोणत्या साली होती? घरटी दहा मिनिटे लागतील. मुलींना हे काम सोपे जाईल, पण मुलांनीही यावे. दादासारखे अंगणातूनच "तुम्ही ठरवा" म्हणून परत जाऊ नये. प्रश्नांची यादी मी तयार केली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी ग्रंथालयात दुपारच्या सुट्टीत मला भेटावे.